हिरवळ सिंचन, घरगुती : पूर्वनियोजन

बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या आवारातल्या हिरवळीसाठी नळ्या, व्हॉल्व आणि फवारे बसवण्याआधी करायची मोजणी व आखणी. या कामात खरेदी सर्वांत शेवटी यायला हवी; बहुतेक ठिकाणी तीच आधी उरकलेली असते.

पहिला हिशेब गरजेचा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. मुंबईच्या उन्हाळ्यात हिरवळीला रोज साधारण 5 मिमी पाणी लागते, म्हणजे 100 चौरस मीटरला 500 लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा मान माणशी रोज 135 लिटरांचा. त्या मापाने एवढी हिरवळ चौघांच्या कुटुंबाइतके पाणी पिते. सोसायटीच्या सभेत हा आकडा आधी मांडावा, रंगीत चित्रे नंतर दाखवावीत. जून ते सप्टेंबर यंत्रणा जवळपास बंदच राहते, तेव्हा आखणी करायची ती उरलेल्या आठ महिन्यांसाठी.

दुसरा प्रश्न पाणी आणायचे कुठून. मुंबईतल्या शिवाजी पार्कच्या परिसरात नळाला ठरावीक वेळच पाणी येते. ते जमिनीखालच्या टाकीत साठवून मोटरने गच्चीवर चढवतात. चार मजली इमारतीची टाकी सुमारे 15 मीटर उंचीवर असते. दर 10 मीटरला चौरस सेंटिमीटरमागे 1 किलो या हिशेबाने खाली दाब मिळतो दीड किलो, आणि तोही नळीत घटतो. छोट्या फवाऱ्याला 2, फिरत्याला 3 किलोच्या आसपास दाब लागतो. त्यामुळे वेगळी मोटर धरूनच चालावे. बोअरवेल असेल तर पाण्याची क्षारता तपासून घ्यावी, कारण समुद्र हाकेच्या अंतरावर आहे.

मग बादलीची चाचणी. 20 लिटरची बादली एका मिनिटात भरली तर मिनिटाला 15 लिटरच वापरात धरावेत. साडेतीन मीटर झोताचा अर्धवर्तुळाकार फवारा मिनिटाला सुमारे 5 लिटर घेतो; म्हणजे एका व्हॉल्ववर तीनच. एका फवाऱ्याचा झोत शेजारच्या फवाऱ्याच्या बुडापर्यंत पोचला पाहिजे. नळीची बचत करण्यासाठी अंतर वाढवले की मधे पिवळे पट्टे पडतात, आणि दोष मात्र माळ्याला लागतो. स्थिर फवारा फिरत्याच्या दुपटी-तिपटीने पाणी टाकतो, म्हणून दोन्ही एका व्हॉल्ववर कधीच जोडू नयेत. चिकण मातीत पाणी दोन हप्त्यांत द्यावे, नाहीतर ते फरशीवरून गटारात जाते.

आखणीआधी वापर न पाहिल्यास काय होते, याचे मोठे उदाहरण शिवाजी पार्कचे मैदानच आहे. सुमारे 28 एकरांचे हे मैदान 1925 मध्ये माहीम पार्क म्हणून लोकांसाठी खुले झाले. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने 1927 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. धुळीच्या जुन्या तक्रारीवर उपाय म्हणून महापालिकेने अलीकडच्या वर्षांत इथे पर्जन्यजल साठवण, फवारे आणि गवत यांची योजना राबवली. वरच्याच मापाने अख्ख्या मैदानाला उन्हाळ्यात रोज साडेपाच लाख लिटरांहून अधिक पाणी लागेल. शिवाय क्रिकेटची नेट, रोजचा खेळ, दसरा मेळावा, 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे येणारा जनसागर. एवढ्या पावलांखाली गवताला मूळ धरायला उसंत मिळत नाही. लाल माती उडत राहिली आणि रहिवाशांच्या तक्रारीही चालू राहिल्या. फवाऱ्यांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटणारा नव्हता.

घरच्या अंगणालाही हेच लागू. मुले जिथे रोज चेंडू खेळतात तिथे फवाऱ्याचे डोके वर उरणार नाही असे, जमिनीत दबणारे फवारे निवडावेत. ये-जा असेल तिथे फरशीची वाट आधी काढावी. हरळीला भरपूर ऊन लागते. दिवसभर इमारतीची किंवा वर्षावृक्षाची सावली असलेल्या, गाड्या उभ्या राहणाऱ्या आवारात हिरवळ लावूच नये. तिथे कुंड्या आणि ठिबक पुरेसे आहेत.