रिट्रीव्हर श्वानाची पहिली पक्षी-शिकार : तयारी आणि कसोटी

शिकारी श्वानांच्या गटांमध्ये रिट्रीव्हरचे काम वेगळे आहे. पक्ष्यावर झडप घालणे हे त्याचे काम नव्हे. बंदुकीने पाडलेला पक्षी झुडपांतून, नांगरलेल्या शेतातून अथवा पाण्यातून शोधून काढणे आणि तो न चिरडता मालकाच्या हाती आणून देणे, ही त्याची मुख्य जबाबदारी. परत आणणे या अर्थाच्या ‘रिट्रीव्ह’ या इंग्रजी क्रियापदावरूनच त्याला हे नाव मिळाले. वरवर पाहता काम सोपे वाटते. पण बंदुकांचे आवाज, फडफडणारे पंख आणि धावपळ यांच्या मधोमध, आज्ञा मिळेपर्यंत स्वस्थ बसून राहणे तरुण श्वानाला अतिशय कठीण जाते. म्हणूनच पहिल्या शिकारीची तयारी दीड वर्ष चालते, आणि ती एका सकाळी बिघडूही शकते.

जातींचा पूर्वेतिहास

लॅब्राडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांचे श्वान होते. थंडगार समुद्रात उड्या टाकून जाळ्यांचे दोर आणि निसटलेली मासळी काठावर आणणारे हे श्वान एकोणिसाव्या शतकात मासेमारी जहाजांबरोबर इंग्लंडच्या पूल बंदरात आले आणि तेथील जमीनदारांनी त्यांना शिकारीसाठी जोपासले. ब्रिटनच्या केनेल क्लबने 1903 मध्ये लॅब्राडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. गोल्डन रिट्रीव्हरची परंपरा स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या इस्टेटीवर 1868 मध्ये जन्मलेल्या पिल्लांपासून मोजतात. ब्रिटनमध्ये ग्राउज पक्ष्यांचा हंगाम 12 ऑगस्टला आणि फेझंटचा 1 ऑक्टोबरला सुरू होतो. तरुण श्वानाची तयारी या तारखांकडे पाहून सुरू होत असली, तरी ती पूर्ण झाल्याचे तारखेवरून ठरवू नये, असे अनुभवी प्रशिक्षक सांगतात.

पहिले वर्ष : आज्ञापालनाचा पाया

पिल्लू आठ आठवड्यांचे होऊन घरी आले की शिक्षण सुरू होते. मात्र ते खेळाच्या स्वरूपात. नावाला ओ देणे, बोलावल्यावर येणे, जेवणाच्या ताटलीसमोर क्षणभर थांबणे एवढेच या वयात अपेक्षित असते. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत दुधाचे दात पडतात. त्या काळात हिरड्या दुखत असल्याने वस्तू आणण्याचा सराव थांबवावा. तोंडात धरणे म्हणजे वेदना, ही गाठ एकदा मनात बसली की सुटत नाही. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत उंच कुंपणावरून उड्या मारायला लावणेही टाळावे.

साधारण सहा ते आठ महिन्यांनंतर शिस्तबद्ध सराव सुरू होतो. सुटा असताना पायाशी चालणे, बसणे, बसलेल्या जागी थांबणे आणि शिट्टी ओळखणे हे त्याचे चार खांब. ब्रिटिश पद्धतीत एक लांब शिट्टी म्हणजे ‘जिथे आहेस तिथे बस’ आणि लागोपाठ छोट्या शिट्ट्या म्हणजे ‘परत ये’. शिट्टीचा स्वर कायम एकच असावा, म्हणून ठरावीक क्रमांकाची शिट्टी वापरतात. ती हरवली तरी त्याच स्वराची दुसरी मिळते. दिवसातून दोन वेळा दहा-दहा मिनिटांचा सराव या वयात पुरेसा होतो. कंटाळलेला श्वान शिकत नाही, तो टाळायला शिकतो.

डमीचा सराव

पक्ष्याऐवजी वापरण्याच्या कापडी वळकटीला डमी म्हणतात. ती कॅनव्हासची असून पूर्ण वाढलेल्या श्वानासाठी तिचे वजन सुमारे अर्धा किलो, तर पिल्लासाठी त्याच्या निम्मे असते. सुरुवातीला ती अरुंद बोळात किंवा कुंपणाच्या कडेने फेकतात. त्यामुळे ती घेऊन पळून जाण्यास वाट राहत नाही आणि श्वान सरळ मालकाकडे येतो.

या टप्प्यावर मोह होतो तो सारखी डमी फेकत राहण्याचा. श्वान आनंदाने धावतो, मालकालाही कौतुक वाटते. पण अशाने फेकलेली प्रत्येक वस्तू आपल्यासाठीच आहे, अशी श्वानाची समजूत होते. म्हणून बऱ्याच डमी मालकाने स्वतः चालत जाऊन उचलाव्यात आणि श्वानाने बसून पाहावे, असा नियम आहे. या संयमालाच शिकारीच्या परिभाषेत स्थिरता म्हणतात. उरलेल्या डमींसाठी आज्ञा द्यावी, तीही काही क्षण थांबून. पुढे डमी न दिसेल अशा ठिकाणी आधीच ठेवून हाताच्या इशाऱ्याने डावीकडे, उजवीकडे आणि मागे पाठवण्याचा सराव होतो.

डमी कधीही ओढून घेऊ नये. ओढाताणीतून श्वान घट्ट चावायला शिकतो आणि पुढे हाती येतो तो फासळ्या मोडलेला पक्षी. पक्षी अलगद धरण्याच्या वृत्तीला जाणकार ‘मऊ तोंड’ म्हणतात. ब्रिटनमधील क्षेत्र-स्पर्धांत पक्षी चिरडणारा श्वान थेट बाद होतो.

बंदुकीच्या आवाजाची ओळख

संपूर्ण तयारीतील सर्वांत नाजूक भाग हाच. ‘श्वान आवाजाला घाबरतो का, ते एकदा पाहू’ म्हणून पिल्लाला थेट नेमबाजीच्या मैदानावर नेणे ही जुनी आणि महागात पडणारी चूक आहे. अशा चाचणीतून भीती कळत नाही, ती निर्माण होते. अनेकदा श्वानाचे उपजत धैर्य पुरेसे असते. घाई केलेली असते ती माणसाने.

योग्य रीत पायरीपायरीची आहे. श्वान डमीच्या खेळात किंवा जेवणात रमलेला असताना मदतनिसाने शंभर-एक मीटर अंतरावरून टिकल्यांच्या पिस्तुलाचा एकच बार काढावा. मालकाने त्या वेळी श्वानाचे कान, शेपूट आणि डोळे पाहावेत. त्याने क्षणभर मान वळवून पुन्हा खेळ सुरू केला तर काही दिवसांनी अंतर थोडे कमी करावे. शेपूट पोटाखाली गेली, तो मालकाच्या पायांत शिरला किंवा खाणे सोडले, तर अंतर पुन्हा वाढवावे. रागावू नये आणि बळजबरीने तिथेच उभेही करू नये. लहान आवाज अंगवळणी पडल्यावरच खऱ्या बंदुकीचा, तोही दूरवरून, क्रम येतो. शेवटी आवाज म्हणजे काहीतरी चांगले घडणार असल्याची खूण, असे समीकरण श्वानाच्या मनात तयार झाले पाहिजे. एका बंदुकीला सरावलेला श्वान दहा बंदुकांच्या रांगेलाही सरावला आहे, असे मात्र समजू नये.

पिसे आणि पाणी

कापडाची सवय झालेल्या श्वानाला पिसांचा स्पर्श अपरिचित असतो. काहीजण पहिला पक्षी उचलतच नाहीत, काही तो चघळू लागतात. म्हणून आधी डमीला वाळलेले पंख बांधतात, नंतर थंड झालेला, रक्त न लागलेला अखंड पक्षी देतात. कबुतराची पिसे सहज गळून तोंडाला चिकटतात. त्यामुळे पहिल्या धड्यासाठी कबूतर पातळ मोज्यात घालून देण्याची पद्धत आहे.

पाण्याची ओळख उन्हाळ्यात, उथळ आणि उतरत्या काठावर करावी. पिल्लाला पाण्यात ढकलणे म्हणजे जन्मभराची नावड ओढवून घेणे. पोहणाऱ्या थोराड श्वानाच्या मागोमाग ते आपणहून उतरते. कडक थंडीतील बदकांच्या शिकारीत तासन्‌तास ओले राहावे लागते, त्यामुळे तरुण श्वानाला पहिल्या हंगामात अशा ठिकाणी नेऊ नये, हेच शहाणपणाचे.

पहिला दिवस

ब्रिटनमध्ये रिट्रीव्हर साधारण दीड वर्षाचा झाल्यावर प्रत्यक्ष शिकारीला नेतात. तेथे हाकारे रानातून पक्षी उठवतात आणि ओळीने उभे असलेले बंदूकधारी ते टिपतात. त्या दिवशी मालकाने स्वतः बंदूक घेऊ नये, हा पहिला नियम आहे. एक डोळा आकाशाकडे आणि एक श्वानाकडे ठेवता येत नाही. श्वान चुकतो तो नेमका मालकाचे लक्ष नसताना.

दुसरा नियम असा की, श्वान पट्ट्यात ठेवून ओळीच्या मागे, अंतरावर बसावे आणि पहिला हाका केवळ पाहू द्यावा. पक्षी पडत असताना तो थरथरेल, कण्हेल. त्याला शांतपणे बसवावे. हाका संपल्यावर, इतर श्वान दूर असताना, मोकळ्या गवतात पडलेला एखाद-दुसरा मेलेला पक्षी आणायला पाठवावे. जखमी होऊन पळणारा पक्षी नवख्याला देऊ नये. त्यात दोघांचेही नुकसान आहे : पक्ष्याच्या यातना लांबतात, आणि नरफेझंटच्या पायांतील नखासारख्या अणकुचीदार काट्यांनी ओरखडलेला श्वान पुढच्या वेळी एकतर पक्षी टाळतो किंवा रागाने चिरडतो. असा पक्षी तत्काळ मिळवण्याचे काम अनुभवी श्वानाचे.

दोन हाके झाले की घरी परतावे, श्वानाची इच्छा अजून शिल्लक असताना. परतल्यावर अंग कोरडे करून पंजे, कान आणि डोळे काट्यांसाठी तपासावेत. दमलेल्या श्वानाला लगेच पोटभर जेवण देऊ नये. त्या दिवशी एकही पक्षी आणला नाही, पण आज्ञेवाचून जागा सोडली नाही, तर तो दिवस यशस्वी मानतात. उलट आज्ञा न घेता धावून आणलेले पाच पक्षी पुढच्या हंगामाचे शिक्षण वाया घालवतात.

भारतातील स्थिती

भारतात हे प्रशिक्षण पक्ष्यांवर करता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील 1991 च्या दुरुस्तीने वन्यपक्ष्यांची हौशी शिकार बंद झाली आहे. कायद्याच्या व्याख्येत पक्ष्यांना पकडणे, हाकलणे, त्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हेही शिकारीतच मोडते. त्यामुळे गोव्यातील नदीकाठी, खाजन शेतांत किंवा चोडण येथील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या परिसरात श्वान मोकळा सोडून बगळ्यांमागे पळू देणे हा निरुपद्रवी खेळ ठरत नाही.

तरीही या शिक्षणाचा गाभा येथे उपयोगी आहे. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या लॅब्राडॉरमध्ये आणण्याची उपजत ओढ असते. तिला डमीचे काम मिळाले की चपला आणि उशा वाचतात, आणि शिट्टीसरशी थांबणारा श्वान रस्त्यावर गाडीखाली येत नाही. पोलीस व लष्कराच्या पथकांत वास घेऊन स्फोटके शोधणारे लॅब्राडॉर याच ओढीवर तयार होतात. गोव्यात चतुर्थीच्या आणि नरकासुराच्या रात्री फटाक्यांनी पाळीव श्वान पलंगाखाली लपतात; तेथेही दुरून, हलक्या आवाजापासून, खाण्याच्या सोबतीने केलेली आवाजाची ओळख हाच उपाय आहे. मात्र ती सणाच्या दिवशी नव्हे, काही आठवडे आधी सुरू करावी लागते. भीती बसायला एक आवाज पुरतो. ती निघायला महिने लागतात.