एकत्र कुटुंबाची पेढी आणि भागीदारी

पेढीवर कुटुंबाचें नांव असलें म्हणजे घरांतील सारींच माणसें तिचीं भागीदार, अशी समजूत सहज होते. कायद्याला ती मान्य नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींतहि दायविभाग आणि व्यापाऱ्यांचें संभूयसमुत्थान हीं प्रकरणें निरनिराळीं आहेत. भागीदारी कराराने जन्मते, नात्यानें नव्हे, असें १९३२ च्या भागीदारी कायद्याचें कलम ५ सांगतें. (त्याच कलमांत ब्रह्मदेशीय बौद्ध पतिपत्नीहि येऊन बसलीं आहेत!)

हा केवळ शब्दच्छल नव्हे. एक भागीदार वारला कीं, उलट करार नसल्यास, भागीदारी मोडते. घरची पेढी कर्त्याच्या मृत्यूनें मोडत नाहीं. कर्जाची गोष्ट याहून नाजूक. भागीदाराची खाजगी मिळकतहि देण्यांत सांपडते. व्यवहारांत स्वतः न पडलेल्या सहदायादाचा मात्र सामाईक मिळकतींतील हिस्साच काय तो गुंततो.

मग कर्त्यानें परक्याशीं भागी केली तर? पिचप्पा चेट्टियार खटल्यांत १९३४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, तेवढ्यानें घरचे इतर लोक भागीदार होत नाहींत. एकत्र कुटुंब हें स्वतः भागीदार होऊं शकत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंहि १९९८ सालीं सांगितलें. पैसा घरचा, आणि भागीच्या वह्या मागण्याचा हक्क मात्र धाकट्या भावाला नाहीं! हें त्याला टोंचणारच. पण परक्यानें विश्वास टाकला तो एका माणसावर, त्याच्या गोतावळ्यावर नव्हे. २००५ पासून मुलगीहि सहदायाद झाली आहे. तिलाहि हीच मर्यादा लागू आहे.