आज्ञा देतो कोण? टॉर्परचा शोध

अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील स्पालान्झानी यांनी शीतनिद्रेतला मार्मोट कार्बन डायऑक्साइडच्या पात्रात ठेवला. सोबतचे उंदीर व पक्षी गतप्राण झाले, मार्मोट जगला. देहाची गरजच जणू ओसरली होती. ती ओसरवतो कोण?

उत्तराला दोन शतकांहून अधिक काळ लागला, आणि ते दिले साध्या उंदराने. तो हिवाळाभर झोपत नाही. पण गारव्यात उपाशी राहिला की काही तास त्याचे तापमान ३७ अंशांवरून तिशीच्या आसपास उतरते. हाच दैनिक टॉर्पर. परंतु हे भुकेने हतबल होणे, की मेंदूचा निर्णय? उपाशी प्राण्यात हा भेद उमगणे कठीण.

जून २०२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दोन शोधनिबंध आले. हार्वर्डच्या ह्र्वातिन-ग्रीनबर्ग गटाने टॉर्परवेळी जागृत झालेल्या हायपोथॅलॅमसमधील चेतापेशी खुणावून ठेवल्या आणि पुढे पोटभर जेवलेल्या उंदरात त्याच चेतवल्या. भूक नसतानाही उंदीर थंडावला! त्या पेशी दडपताच उपाशी उंदराचा नैसर्गिक टॉर्परही विस्कटला.

जपानमध्ये साकुराई यांच्या गटाने ‘क्यू’ चेतापेशी उद्दीपित केल्या. ती अवस्था दोन दिवसांहून अधिक टिकली. मला अधिक विलक्षण वाटते ते पुढचे: निसर्गतः टॉर्पर न अनुभवणारा रॅट, तोही त्याच आज्ञेने थंडावला.