मांजरांमधील वियोगचिंता

वियोगचिंता ही पाळीव मांजरांमध्ये आढळणारी वर्तनविषयक समस्या आहे. ज्या व्यक्तीशी मांजराचे घनिष्ठ नाते जुळलेले असते, ती व्यक्ती दूर गेल्यावर किंवा मांजराला दीर्घकाळ एकटे राहावे लागल्यावर ही समस्या उद्भवते. मालक काही दिवसांसाठी प्रवासाला गेला असता ती विशेषत्वाने जाणवते. भलत्या ठिकाणी मलमूत्र विसर्जन करणे, सतत ओरडणे, अन्न सोडणे, लपून बसणे आणि अंग अतिरेकाने चाटणे ही तिची प्रमुख लक्षणे होत. ही लक्षणे अनेकदा मांजराचा रुसवा किंवा सूड समजली जातात. वस्तुतः ती मानसिक ताणाची चिन्हे असतात. यांपैकी काही लक्षणे गंभीर शारीरिक आजारांतही दिसत असल्याने, प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.

## पार्श्वभूमी

पाळीव मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर (फेलिस लायबिका) हा एकट्याने शिकार करणारा आणि स्वतःचा प्रदेश राखणारा प्राणी आहे. मनुष्याने शेती सुरू केल्यावर साठवलेल्या धान्याभोवती उंदीर वाढले आणि त्यांच्या मागोमाग रानमांजरे पश्चिम आशियातील मानवी वस्त्यांजवळ आली. सायप्रस बेटावरील शिलुरोकांबोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. माणूस आणि मांजर यांच्या सहवासाच्या प्राचीनतेचा तो महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

एकट्याने शिकार करणारा प्राणी असूनही मांजर सर्वस्वी एकलकोंडे नसते. मुबलक अन्न मिळणाऱ्या ठिकाणी भटक्या मांजरांचे गट तयार होतात आणि नात्यातील माद्या एकमेकींच्या पिल्लांचा सांभाळ करतात. घरात वाढलेल्या मांजराच्या बाबतीत हीच सामाजिक क्षमता माणसाकडे वळते.

मांजराच्या दृष्टीने सुरक्षितता मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : ओळखीची जागा, ओळखीचा वास आणि ठरलेला दिनक्रम. घराबाहेर न पडणाऱ्या मांजराचा दिनक्रम बव्हंशी मालकावर आधारलेला असतो. त्यामुळे मालक प्रवासाला गेला की व्यक्ती आणि दिनक्रम या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हरपतात. अशा वेळी मांजराला दुसऱ्या घरी नेऊन ठेवल्यास जागाही हरपते.

## संशोधन

कुत्र्यांमधील वियोगचिंतेच्या तुलनेत मांजरांतील वियोगचिंतेचा अभ्यास बराच उशिरा सुरू झाला. स्टेफनी श्वार्ट्झ यांनी १९९१ ते २००० या काळातील १३६ मांजरांच्या नोंदींचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. अस्थानी मूत्रविसर्जन, अस्थानी मलविसर्जन, अतिरेकी ओरडणे, नासधूस आणि अतिरेकी चाटणे ही लक्षणे त्यात नोंदवली गेली. अस्थानी मूत्रविसर्जन करणाऱ्या मांजरांपैकी ७५ टक्के मांजरे केवळ मालकाच्या अंथरुणावरच लघवी करत होती.

मांजर मालकाशी कोणत्या प्रकारचे नाते जोडते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांच्या अभ्यासासाठी विकसित केलेली ‘अपरिचित परिस्थिती’ची चाचणी मांजरांसाठी अनुकूल करून घेण्यात आली. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या ॲलिस पॉटर आणि डॅनियल मिल्स यांच्या २०१५ मधील अभ्यासात, अनोळखी व्यक्तीपेक्षा मालक निघून गेल्यावर मांजरे अधिक ओरडली. मात्र मांजर मालकाकडे सुरक्षेचा आधार म्हणून पाहते, असा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यांना आढळला नाही. याउलट अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाच्या क्रिस्टिन व्हिटाली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला. दोन मिनिटांच्या विरहानंतर मालक परतल्यावर सुमारे ६४ टक्के पिल्लांचे वर्तन ‘सुरक्षित आसक्ती’ या प्रकारात मोडले. मालकाला भेटून ती शांत झाली आणि पुन्हा आजूबाजूचा परिसर न्याहाळू लागली.

स्वीडनमधील एका अभ्यासात (२०१७) अर्ध्या तासाच्या तुलनेत चार तासांच्या विरहानंतर मांजरांनी मालकाजवळ अधिक गुरगुर केल्याचे आणि अधिक आळोखेपिळोखे दिल्याचे दिसले. ब्राझीलमध्ये २२३ मांजरांच्या मालकांकडून प्रश्नावलीद्वारे मिळवलेल्या माहितीत (२०२०) ३० मांजरांत, म्हणजे सुमारे १३ टक्के मांजरांत, वियोगाशी संबंधित समस्यांची लक्षणे आढळली. घरात खेळणी नसणे, दुसरा प्राणी नसणे आणि मांजराला वरचेवर दीर्घकाळ एकटे ठेवणे यांच्याशी या समस्यांचा संबंध दिसून आला.

## लक्षणे

- अस्थानी मलमूत्र विसर्जन : अंथरूण, उशी, मालकाचे कपडे किंवा दाराजवळची जागा यांवर लघवी वा शी करणे. मालकाचा वास तीव्र असलेल्या वस्तूवर स्वतःचा वास मिसळून मांजर दिलासा शोधत असावे, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.
- ओरडणे : दाराशी किंवा खिडकीशी बसून दीर्घ स्वरात, विशेषतः रात्री ओरडणे.
- खाण्यातील बदल : अन्न न खाणे किंवा माणूस जवळ असेल तरच खाणे.
- अतिरेकी चाटणे : पोट, मांड्या किंवा पुढच्या पायांवरील केस विरळ होईपर्यंत चाटत राहणे.
- नासधूस : पडदे, दारे व सामान ओरबाडणे, वस्तू पाडणे.
- निष्क्रियता : पलंगाखाली किंवा कपाटात लपून राहणे, खेळ सोडणे. हे लक्षण शांतपणा समजून बहुधा दुर्लक्षिले जाते.
- मालक निघण्यापूर्वीची अस्वस्थता : बॅग भरली जाताना मागे-मागे फिरणे, वाट अडवणे किंवा दडून बसणे.

## कारणे

सर्वच मांजरांना ही समस्या होत नाही. जन्मानंतरचा सुमारे दोन ते सात आठवड्यांचा काळ मांजराच्या सामाजिक जडणघडणीत निर्णायक असतो. या काळातील अनुभव, स्वभाव आणि पुढील परिस्थिती यांच्या एकत्रित परिणामातून प्रवृत्ती घडते. सतत घरात असणाऱ्या माणसाची सवय झालेल्या मांजराला त्याची अनुपस्थिती अधिक जाणवू शकते. घर बदलणे, कुटुंबातील व्यक्तीचा मृत्यू, सोबतच्या प्राण्याचा मृत्यू किंवा नव्या बाळाचे आगमन यांसारख्या बदलांपाठोपाठ मालकाचा प्रवास घडल्यास ताण वाढतो.

## निदान आणि तातडीची लक्षणे

वियोगचिंतेचे निदान करण्यापूर्वी शारीरिक आजार नसल्याची खात्री करावी लागते. मूत्रमार्गाचे विकार, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, अवटू ग्रंथीचा अतिस्राव, संधिवात आणि त्वचारोग यांची लक्षणे वरील लक्षणांशी मिळतीजुळती असतात. लक्षणे केवळ मालकाच्या अनुपस्थितीतच दिसतात का, हे पाहणे निदानास उपयुक्त ठरते. त्यासाठी घरातील कॅमेऱ्याचे चित्रीकरण, तसेच लक्षणांची तारीखवार नोंद पशुवैद्याला दाखवता येते.

ताण आणि आजार यांची सीमारेषा मांजरांमध्ये नेहमीच स्पष्ट नसते. संसर्ग नसतानाही ताणामुळे मूत्राशयाचा दाह होऊ शकतो. पुढील दोन परिस्थितींत विलंब करणे धोक्याचे असते :

- लघवी अडकणे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो खडे किंवा चिकट पदार्थामुळे बंद होऊ शकतो. वारंवार ट्रेमध्ये बसून कुंथणे, थेंब-थेंब लघवी होणे किंवा मुळीच न होणे, वेदनेने ओरडणे ही त्याची चिन्हे आहेत. उपचार न झाल्यास एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवू शकतो.
- अन्न पूर्णतः सोडणे. काही दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः स्थूल मांजराच्या, यकृतात चरबी साचून प्राणघातक विकार होऊ शकतो. चोवीस तास काहीही न खाल्लेल्या मांजराविषयी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

घरी मांजर सांभाळणाऱ्या व्यक्तीला ही दोन्ही लक्षणे आधी समजावून सांगणे महत्त्वाचे असते. अन्यथा ‘मालकाची आठवण येत असेल’ असे समजून मौल्यवान वेळ दवडला जातो.

## उपाय

### प्रवासापूर्वी

- शक्यतो मांजराला त्याच्या स्वतःच्या घरीच ठेवून सांभाळणाऱ्या व्यक्तीने तेथे यावे. बहुतेक मांजरांना परके घर वा प्राणी-वसतिगृह यांपेक्षा हे अधिक सुसह्य ठरते.
- सांभाळणाऱ्या व्यक्तीने प्रवासाआधीच काही वेळा येऊन मांजराला खाऊ घालावे व खेळवावे. त्यामुळे मालकाचे जाणे आणि परक्याचे येणे एकाच दिवशी घडत नाही.
- मालकाने प्रथम काही मिनिटे, मग काही तास, मग एक रात्र अशी अनुपस्थिती टप्प्याटप्प्याने वाढवावी. मांजर अस्वस्थ झाल्यास मागच्या टप्प्यावर यावे.
- बॅग काही दिवस आधीपासूनच उघडी ठेवावी. किल्ल्या उचलणे, चपला घालणे यांसारख्या कृती बाहेर न जाताही अधूनमधून कराव्यात. अशाने या खुणांचा जाण्याशी असलेला संबंध शिथिल होतो.
- अन्न, वाळू व भांडी बदलण्याचे प्रयोग प्रवासाच्या सुमारास टाळावेत.
- पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक, चालू औषधे आणि उपचारांसाठीची संमती लेखी द्यावी.

### अनुपस्थितीत

दिवसातून किमान एकदा, शक्य असल्यास दोनदा, ठरलेल्या वेळी कोणीतरी घरी यावे. केवळ स्वयंचलित भांड्यात अन्न भरून ठेवणे पुरेसे नसते; मांजराने खाल्ले का आणि लघवी केली का, हे यंत्र सांगत नाही. भेटीच्या वेळी अन्न-पाणी देण्याबरोबरच वाळू साफ करावी आणि मांजराची इच्छा असल्यास दहा-पंधरा मिनिटे दोरीच्या किंवा पिसाच्या खेळण्याने त्याला खेळवावे. खेळाची दोरी नंतर उचलून ठेवावी, कारण ती गिळली जाण्याचा धोका असतो. लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढू नये. जवळ बसून हलक्या आवाजात बोलावे.

मालकाने वापरलेले, न धुतलेले कपडे मांजराच्या झोपण्याच्या जागी ठेवावेत. असे दोन-तीन कपडे बंद पिशवीत ठेवून काही दिवसांच्या अंतराने एकेक काढल्यास वास टिकून राहतो. खिडकीजवळची उंच बैठक, नखे घासण्याचा खांब आणि दडण्यासाठी खोका यांचाही उपयोग होतो.

मांजरे मालकाचा आवाज ओळखतात, हे जपानमधील संशोधनातून (२०१३) दिसून आले आहे. मालक कोठे असावा याचा अंदाजही ती आवाजावरून बांधतात, असे क्योतो विद्यापीठातील प्रयोगांत (२०२१) आढळले. त्यामुळे फोनवरून ऐकवलेल्या आवाजाने काही मांजरे शांत होतात, तर काही मालकाला शोधू लागतात. एकदा अनुभव घेऊन मगच हा उपाय सुरू ठेवावा.

### परतल्यानंतर

परतलेल्या मालकाकडे मांजर दुर्लक्ष करते किंवा सतत त्याच्या मागे फिरते. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत. पूर्वीचा दिनक्रम लगेच सुरू करावा आणि मांजराला स्वतःहून जवळ येऊ द्यावे. प्रवासाच्या सामानाला परका वास येत असल्याने त्याला ते हुंगू द्यावे.

अस्थानी केलेल्या लघवीबद्दल मांजराला रागावणे किंवा त्याचे नाक त्या जागी घासणे निरुपयोगी व हानिकारक असते. शिक्षेचा संबंध त्याला आधीच्या कृतीशी जोडता येत नाही; त्याची भीती मात्र वाढते. डागाची जागा विकरयुक्त स्वच्छक द्रवाने धुवावी. अमोनियायुक्त द्रवाचा वास लघवीसारखा वाटून मांजर पुन्हा तेथेच जाऊ शकते. भारतीय घरांत सर्रास वापरले जाणारे फिनेल टाळावे, कारण त्यातील फिनॉल वर्गातील द्रव्ये मांजराच्या यकृताला निष्प्रभ करता येत नाहीत आणि त्यांची विषबाधा होऊ शकते.

### औषधोपचार

तीव्र लक्षणांत पशुवैद्य फ्लुऑक्झेटिन किंवा क्लोमिप्रामिन यांसारखी औषधे देतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि वर्तनातील उपायांची जोड आवश्यक असते. प्रवासासारख्या अल्पकालीन ताणासाठी गॅबापेंटिन वापरले जाते. मांजर गाल घासून जो गंधसंकेत सोडते, त्याची कृत्रिम प्रतिकृती हवेत सोडणारी उपकरणेही मिळतात. माणसांची औषधे स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरांना प्राणघातक असते. सुगंधी तेलेही अनेकदा विषारी ठरतात.

## महाराष्ट्रातील संदर्भ

वाड्यात, चाळीत किंवा खेड्यातील घरांत मांजर बहुधा मोकळे फिरणारे असे. एका घराला कुलूप लागले, तरी शेजारची दोन-तीन दारे त्याला उघडी असत. शहरांतील सदनिकांत वाढणाऱ्या मांजराचे जग मात्र काही खोल्यांपुरते आणि दोन-चार माणसांपुरते मर्यादित असते. त्यामुळे मे महिन्याची सुट्टी, गणेशोत्सव किंवा दिवाळीत कुटुंब गावी गेल्यावर होणारा बदल त्याला अधिक जाणवतो. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाची त्यात भर पडते. अशा वेळी आतील खोलीत आडोसा करावा, खिडक्या बंद ठेवाव्यात आणि सज्जाला मजबूत जाळी बसवावी. घाबरलेले मांजर उंचावरून पडण्याची शक्यता असते.

शेजाऱ्यांकडे मांजर सोपवल्यावर त्याला दूध-पोळी किंवा दूध-भात देण्याची पद्धत आहे. तथापि, अनेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही व जुलाब होतात. शिवाय मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी असून त्याला लागणारे टॉरीन हे द्रव्य या आहारातून पुरेसे मिळत नाही. नेहमीचेच अन्न मोजून देऊन ठेवणे इष्ट होय.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमाच्या कलम ११ नुसार, मालकाने प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, तसेच भूक वा तहान यांमुळे त्याला यातना होतील अशा स्थितीत वाजवी कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे.

## गैरसमज

- ‘मांजर घरावर जीव लावते, माणसावर नाही.’ जागेचे महत्त्व मांजराला मोठे असते हे खरे. परंतु व्यक्तीची अनुपस्थितीही त्याला जाणवते, हे वरील अभ्यासांतून दिसते.
- ‘अंथरुणावरील लघवी हा सूड असतो.’ सूडबुद्धीचा कोणताही पुरावा नाही. या समजुतीपायी अनेक मांजरे घराबाहेर सोडली जातात. प्रत्यक्षात त्यांना उपचारांची गरज असते.
- ‘दुसरे मांजर आणले की प्रश्न सुटतो.’ काही मांजरांना सोबत मानवते. मात्र अनोळखी मांजराचे अचानक आगमन हा स्वतंत्र ताण ठरू शकतो. प्रवासाच्या तोंडावर असा प्रयोग करू नये.

## हेही पाहा

- मांजर
- प्राणिवर्तनशास्त्र
- पशुवैद्यकशास्त्र