सुईणींची शाळा आणि कापडी बाहुली

वाचकहो, वैद्यकीचे शिक्षण इतर शिक्षणाहून एका बाबतीत वेगळे आहे. सुताराचा विद्यार्थी चुकला तर लाकूड वाया जाते, शिंप्याचा विद्यार्थी चुकला तर कापड जाते. वैद्याचा, परिचारिकेचा किंवा सुईणीचा विद्यार्थी चुकला तर काय जाते, हे सांगावयास नको. परंतु हात तर चुकतचुकतच तयार होतो. मग ही पहिली चूक जिवंत माणसाच्या देहावर न होता अन्यत्र कशी व्हावी? हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याला मिळालेली उत्तरे आजही उद्बोधक आहेत.

आपल्या देशात सुश्रुतसंहितेने या प्रश्नासाठी एक स्वतंत्र अध्यायच दिला आहे. शास्त्र पाठ झाले तरी हाताला सराव नसेल तर तो शिष्य कर्मास अपात्र, असा तेथील दंडक आहे. म्हणून छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावा. खरवडण्याचा सराव केसांसह ताणलेल्या कातड्यावर करावा. शीर वेधण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा. पट्टी बांधणे बाहुल्याच्या अंगावर शिकावे. चीनमध्ये इ. स. १०२७ च्या सुमारास वांग वेइयी याने सुया टोचण्याच्या विद्येसाठी माणसाच्या आकाराचे काशाचे दोन पुतळे घडविले. पुतळ्यावर मेणाचा थर देऊन आत पाणी भरीत, आणि परीक्षार्थीची सुई अचूक छिद्रात गेली तरच पाणी बाहेर येई, असे सांगतात.

तथापि साधन असणे वेगळे आणि त्या साधनाभोवती संपूर्ण देशाला पुरेल अशी शिक्षणव्यवस्था उभी करणे वेगळे. हे दुसरे काम अठराव्या शतकात फ्रान्समधील एका सुईणीने करून दाखविले. तिचे नाव मादाम द्यु कुद्रे.

पॅरिसमध्ये रीतसर शिकून १७४० मध्ये ती सुईण म्हणून मान्यता पावली. पुढे ऑव्हेर्न्य प्रांतात गेल्यावर तिला खेड्यांतील स्थिती दिसली. बाळंतपणात माता आणि अर्भके दगावत होती. जी वाचत त्यांतील काही अडाणी ओढाताणीने जन्माची पंगू होत. शिकू इच्छिणाऱ्या पुष्कळ बायकांना अक्षरओळख नव्हती. नुसत्या व्याख्यानाने त्यांना काय उमगणार? म्हणून तिने कापड, कातडे आणि कापूस यांचा, खऱ्या आकाराचा स्त्रीदेहाचा खालचा भाग शिवून घेतला. सोबत अर्भकाची बाहुली, नाळ आणि जुळीही होती. या साधनाला ती 'यंत्र' म्हणे. रुआँ येथील संग्रहालयात यांपैकी एक आजही जपलेले आहे. क्ष-किरणांनी पाहता त्याच्या आत मनुष्याची खरी ओटीपोटाची हाडे आढळली. बाहुलीचे तोंड उघडे असून आत जीभ आहे, म्हणजे बाळ पायाळू असता तोंडात बोट घालून डोके कसे सोडवावे, हे विद्यार्थिनीच्या बोटालाच कळावे.

१७५९ मध्ये पंधराव्या लुईने तिला राज्यभर शिकविण्याचे आज्ञापत्र दिले. सात वर्षांचे युद्ध चालू होते आणि लोकसंख्येची राजाला चिंता होती. म्हणजे करुणेबरोबर राज्याची गरजही होती, हे आपण विसरू नये. त्याच वर्षी तिचे सुलभ पाठ्यपुस्तक निघाले. पुढील आवृत्तीत रंगीत चित्रे घातली गेली, कारण ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाहता तरी येते.

आता तिच्या योजनेकडे पाहा. राजाचे प्रांताधिकारी गावागावांस पत्रे धाडून विद्यार्थिनी निवडावयास सांगत. त्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च कोणी सोसावा, हे आधी ठरे. वर्ग साधारणतः दोन महिने चाले. प्रत्येक बाई यंत्रावर स्वतः हात चालवी, बाई चुकली की पुन्हा करी. मादाम पुढच्या गावी निघण्यापूर्वी स्थानिक शल्यचिकित्सकांना यंत्र वापरून शिकविण्याचे वेगळे धडे देई, आणि सुमारे ३०० लिव्र किमतीचे एक यंत्र त्या नगराने विकत घेऊन ठेवावे, असा आग्रह धरी. ती गेली तरी शाळा राहावी, हा हेतू. १७६७ मध्ये तिला राजाकडून कायम वेतन मिळू लागले. १७६० ते १७८३ पर्यंत ही भ्रमंती चालली आणि सुमारे ५,००० स्त्रिया तिच्या हाताखाली शिकल्या, असा अंदाज आहे. वाटेत विरोध झाला. काही शल्यचिकित्सकांना एका बाईने शिकवावे हेच रुचले नाही. काही गावांना खर्च जड वाटला. घरदार सोडून दोन महिने जाणे अनेक बायकांना कठीण होते. १७९४ मध्ये ती बोर्दो येथे वारली. तिच्या भाचीने शिकविण्याचे काम पुढे नेले.

विसाव्या शतकात हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळणी बनविणारे आसमुंड लेर्दाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी 'ॲन' ही बाहुली तयार केली. ती साधी होती, पण तिच्यासोबत ठरावीक कृती आणि शिकविण्याची पद्धत होती. म्हणून ती जगभर गेली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात 'सिम वन' हा संगणकावर चालणारा, श्वास घेणारा पुतळा बनला. तो विलक्षण होता, पण महाग होता. एकच बनला आणि त्याचा प्रसार झाला नाही. त्याच विद्यापीठात हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये धडधाकट माणसालाच रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसविले. तेथे तर पुतळाही लागला नाही.

आपल्या देशातही २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात कौशल्य-प्रयोगशाळेला स्थान मिळाले आहे. ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु संस्थाचालकांनी पुतळा खरेदी करण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःस विचारावेत. विद्यार्थ्याला नेमके काय करता यावे? शिकविणाऱ्याला कोण शिकविणार? वेळापत्रकात सरावाला तास आहे काय? चूक झाल्यावर न रागावता ती समजावून देण्याची सोय आहे काय? पुतळ्याची कातडी फाटली तर दुरुस्तीचा पैसा कोठून येणार? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर लाखो रुपयांचा पुतळा उद्घाटनाच्या दिवशी हार घालून घेईल आणि नंतर कुलुपात पडून राहील.

मादाम द्यु कुद्रेकडे वीज नव्हती, संगणक नव्हता. होती ती सुईदोऱ्याने शिवलेली एक बाहुली आणि तिच्याभोवती विचारपूर्वक विणलेली व्यवस्था. वाचकहो, शिक्षणसंस्था मोठी की लहान, हे इमारतीवरून ठरत नाही. आपल्या विद्यार्थ्याची पहिली चूक निरुपद्रवी व्हावी, यासाठी ती किती कष्ट घेते, यावरून ते ठरते.