हजार पीपीएमची कुळकथा

ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये हल्ली भिंतीवर एक छोटे मीटर दिसते. दार लावून दहा-बारा जण तासभर बसले की त्यावरचा आकडा १००० च्या वर जातो. याचा अर्थ, हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे हजार भाग, म्हणजेच १००० पीपीएम, झाले. हजाराची ही मर्यादा म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात घालून दिली.

त्या काळी कोंदट खोलीत जीव गुदमरतो तो याच वायूने, असे अनेकांना वाटे. पेटेनकोफरने गर्दीच्या खोल्यांतली हवा मोजली. वायू वाढलेला होता, पण अपाय करण्याइतका मुळीच नव्हता. त्रास होत होता तो श्वासातून, अंगातून, कपड्यांतून सुटणाऱ्या इतर द्रव्यांचा, आणि ती मोजायची सोय नव्हती. मात्र ती सोडणारा माणूस कार्बन डायऑक्साइडही सोडतोच. म्हणून पेटेनकोफरने या वायूला आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून साक्षीदार केले.

मोजण्याची रीत पाहण्यासारखी होती. मोठ्या बाटलीत खोलीतली हवा भरायची, त्यात चुन्याची निवळी किंवा बेरियमचे क्षारीय पाणी घालून ती खळखळून हलवायची. कार्बन डायऑक्साइड शोषला जाई आणि नितळ पाणी दुधाळ होई. उरलेला क्षार किती, हे ऑक्झॅलिक आम्लाचे माप घालून ठरे. क्षार संपला की नाही, ते सांगे हळदीचा कागद. चुना लागताच हळद लाल होते, हे आपल्याकडे कुंकू करणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. कागद लाल व्हायचा थांबला की मोजणी पूर्ण.

१८५८ मध्ये पेटेनकोफरने निष्कर्ष मांडला: राहत्या खोलीत हा वायू हजारात एक भागापेक्षा जास्त नसावा. तेव्हा बाहेरच्या हवेत तो ३०० पीपीएमपेक्षा कमी होता. आज ४२० च्या पुढे आहे. म्हणजे तोच आकडा पाळायला आज पूर्वीपेक्षा जास्त ताजी हवा लागते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद होऊ लागल्या. अमेरिकेतल्या ‘अ‍ॅशरे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने १९८१ च्या मानकात धूम्रपान नसलेल्या ऑफिसात माणशी मिनिटाला अवघी ५ घनफूट बाहेरची हवा पुरेशी मानली. डोकेदुखी, डोळ्यांची चुरचुर, सुस्ती अशा तक्रारी वाढल्या; ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ हे नाव तेव्हाच रूढ झाले. १९८९ मध्ये ऑफिससाठीचे प्रमाण २० घनफुटांवर गेले आणि त्याच मानकात १००० पीपीएमचा आकडाही आला.

तो आकडा साक्षीदाराचा आहे, हे विसरले की उपाय चुकतात. स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो. एअर प्युरिफायर धूळ अडवतो, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. शिवाय आकडा खाली असला म्हणून नव्या रंगाची वा फर्निचरची वाफ गेली, असेही नाही. तिची साक्ष हे मीटर देत नाही. आकडा चढला तर बाहेरची हवा आत यायला हवी, आणि बाहेर धूळ-धूर असेल तर ती गाळून. सेंट्रल एसीच्या ऑफिसात त्यासाठी फ्रेश एअर डॅम्पर (झडप) असतो, आणि बिल वाचवण्यासाठी अनेकदा तोच बंद ठेवलेला असतो. मीटर बसवणाऱ्या प्रत्येक ऑफिसने तो डॅम्पर किती उघडा आहे, हे आधी तपासावे. ताज्या हवेवर दिवसाचे आठ-नऊ तास तिथे श्वास घेणाऱ्यांचा हक्क आहे.