पेट्रोलवरची पट्टी

कोलकात्यात इंग्रजी शिकण्याची एक घरगुती पद्धत आहे. सकाळी ‘द स्टेट्समन’चा अग्रलेख किंवा त्याच्या शेजारचा लेख वाचायचा, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढायची आणि अर्थ वहीत उतरवायचा. जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्यात एम. ए. करायला मी या शहरात आले, तेव्हा अशा वह्या घरोघरी पाहिल्या. निवृत्त काकांच्या कपाटात त्या असत आणि सरकारी परीक्षांची तयारी करणाऱ्या त्यांच्या पुतण्याच्या टेबलावरही. आता लेख मोबाईलवर वाचले जातात, वही मात्र टिकून आहे.

वर्तमानपत्राचा असा उपयोग फार जुना आहे. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांचे ‘समाचार दर्पण’ 1818 साली निघाले आणि 1829 पासून बंगाली व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापू लागले. बाळशास्त्री जांभेकरांचे मुंबईचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 चे. नाव तेच आणि दोन भाषांचे दोन स्तंभही तसेच. एका डोळ्याने मराठी आणि दुसऱ्याने इंग्रजी वाचत कितीतरी जणांनी ही भाषा उचलली असणार. खुद्द ‘स्टेट्समन’ 1875 मध्ये काढणारा रॉबर्ट नाइट आधी मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा संपादक होता.

या वह्यांमध्ये इंधनाच्या करावरच्या लेखांतून आलेले शब्द पुष्कळ सापडतात. कारण सरळ आहे. नवा शब्द पक्का व्हायला तो पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, आणि पेट्रोलच्या भावाइतका नेमाने परत येणारा विषय दुसरा नाही. जून 2010 मध्ये पेट्रोल सरकारी नियंत्रणातून सुटले तेव्हा लेख आले. सप्टेंबर 2012 मध्ये डिझेल लिटरमागे पाच रुपयांनी वाढले. त्यावरून आणि किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीवरून तृणमूल काँग्रेसने केंद्रातला पाठिंबा काढला, तेव्हा तर ‘रोलबॅक’ हा शब्द चहाच्या ठेल्यावरही ऐकू येत होता. 16 जून 2017 पासून भाव रोज बदलू लागले.

काही शब्द लेखातच उलगडतात. 2022 च्या जुलैत देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर ‘विंडफॉल टॅक्स’ बसला. मूळ अर्थ वाऱ्याने पडलेले फळ. तो इथल्या मुलांना समजावावा लागत नाही. चैत्र-वैशाखात कालबैशाखी सुटली की आंबे वेचायला धावणे हे बंगाली बालपणाचे ठरलेले दृश्य आहे. झाड लावले नाही, पाणी घातले नाही, आंबा मात्र मिळाला. त्यातला वाटा सरकारने मागितला, एवढेच.

‘सेस’ हा शब्द मात्र असा उलगडत नाही. वहीत त्याच्यापुढे बहुधा ‘एक प्रकारचा कर’ असे लिहिलेले असते. मराठीत आपण ‘उपकर’ म्हणतो, आणि त्या ‘उप’मुळे तो मुख्य कराच्या मागे चालणारा धाकटा भाऊ वाटतो. या भावाची हकिगत कोलकात्यातून सुरू करावी लागते.

शब्द ‘असेस’चा, म्हणजे आकारणीचा, तुटलेला तुकडा आहे. सोळाव्या शतकात इंग्रजांनी आयर्लंडमध्ये आपल्या फौजेच्या पोटापाण्यासाठी लोकांवर जे बसवले, त्याला हे नाव होते. बंगालमध्ये तो कायद्याने रुजला तो 1871 च्या रोड सेसमुळे. कॉर्नवॉलिसने 1793 मध्ये कायमधारा ठरवला होता. जमीनदारांचा सारा आता कधीही वाढणार नाही, असे वचन त्यात होते. पाऊणशे वर्षांनी रस्त्यांना पैसा हवा झाला. जमीनदार वचनाकडे बोट दाखवू लागले. तेव्हा भारतमंत्री ड्यूक ऑफ अर्गाइल यांनी बाजू घेतली ती अशी, की स्थानिक कामांसाठी जमिनीवर बसवलेली ही पट्टी म्हणजे सारा नव्हेच, म्हणून वचन मोडत नाही. पैसा त्याच जमिनीतून येणार होता, नाव तेवढे निराळे. पुढे 1877 मध्ये सार्वजनिक कामांचा सेस आला आणि 1880 च्या कायद्याने दोन्ही एकत्र बांधले.

पेट्रोलपर्यंत ही पट्टी पोचवणारा माणूस मराठी होता. 1927 साली भारतातल्या रस्त्यांचा विचार करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेच, आणि त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात पिढ्यान्‌पिढ्या मुले इंग्रजी शब्दांशी झुंजत आली आहेत. जयकर समितीने सुचवले की रस्ते मोटारींनी झिजतात, तेव्हा मोटारींच्या पेट्रोलवर जादा पट्टी घ्यावी आणि ती रस्त्यांवरच खर्च करावी. त्यानुसार 1929 मध्ये गॅलनमागे दोन आणे वाढवून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. ज्या प्रांतात जितके पेट्रोल खपेल, त्या प्रमाणात त्याला वाटा देण्याची तजवीज होती. मला या हिशेबात एक साधा प्रामाणिकपणा दिसतो: पैसा कुणाकडून, कशासाठी आणि कुठे, तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत.

2000 साली 80 वी घटनादुरुस्ती झाली. केंद्राच्या जवळपास सगळ्या करांत राज्यांना वाटा मिळू लागला, पण अनुच्छेद 270 मध्ये सेस आणि अधिभार बाहेर ठेवले गेले. याचा अर्थ फेब्रुवारी 2021 मध्ये स्पष्ट दिसला. तेव्हा पेट्रोलच्या लिटरमागे केंद्र 32 रुपये 90 पैसे घेत होते. त्यात रस्ते व पायाभूत सुविधांचा सेस 18 रुपये, शेतीच्या नावाचा अडीच रुपये, विशेष अतिरिक्त शुल्क 11 रुपये. राज्यांशी वाटून घ्यायचे मूळ उत्पादन शुल्क होते 1 रुपया 40 पैसे! ‘उप’ कोण आणि मुख्य कोण, हे कोशात पाहून कळणारे नाही. नबान्नमध्ये बसून राज्याचा ताळेबंद मांडणाऱ्याला मात्र ते पहिल्या दिवशी कळते.

म्हणून अशा लेखाचा अनुवाद करताना माझी लेखणी ‘उपकर’पाशी अडते. बंगाली पत्रकार सरळ ‘सेस’ लिहून मोकळे होतात. मराठीजवळ ‘पट्टी’ आहे: घरपट्टी, पाणीपट्टी. कशासाठी घेतली ते ती नावातच सांगते, त्यामुळे पुढे हिशेब विचारता येतो. अर्थात कोलकात्यात मराठी माणसाने वसुलीच्या शब्दांचा फार अभिमान मिरवू नये. इथल्या अंगाईत अजून बर्गी येतात आणि आई खाजना कुठून द्यायचा या काळजीत असते. नागपूरकर भोसल्यांनी 1751 च्या तहात अलिवर्दीखानाकडून साल्याला 12 लाखांची चौथ ठरवून घेतली होती. तिलाही वसुलीचे निमित्त होते, हक्काचे नाव होते. अंगाईतल्या आईला त्या नावाशी देणेघेणे नव्हते.

परवा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीची वही पाहिली. ‘सेस’पुढे तिने ‘कर’ लिहून खोडले होते आणि खाली बंगालीत लिहिले होते: ज्याचा वाटा मिळत नाही तो.